टॅमसुलोसिन, ड्युटास्टेराइड आणि नवतपा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी अडते, त्यासाठीची ही दोन औषधं: टॅमसुलोसिनचा हिशेब दिवसांत मांडायचा, ड्युटास्टेराइडचा महिन्यांत. ऑक्टोबर ते मे अखेर दोन्ही वापरल्यावर आधी हेच सांगावंसं वाटतं, कारण औषध मध्येच सुटतं ते इथेच.

टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतं. आठवडा-दोन आठवड्यांत धारेला जोर येतो, ताटकळणं कमी होतं. प्रोस्टेटचा आकार मात्र तेवढाच राहतो. कॅप्सूल रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने, न उघडता, न चावता घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर औषध रक्तात जास्त चढतं आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एकादशीला फराळानंतर घ्या. त्याच गटातलं सिलोडोसिन ८ मिग्रॅही तितकंच चालतं, पण वीर्य बाहेर न येण्याची तक्रार त्यात सर्वाधिक. जिवाला धोका नाही. आधी कोणी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरतो.

ड्युटास्टेराइड ०.५ मिग्रॅ आकारावर काम करतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३० मिलीच्या वर असेल तरच त्याला अर्थ आहे, आणि सहा महिन्यांआधी निकाल मागू नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या मोठ्या चाचणीत दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत लघवी अडण्याचा किंवा ऑपरेशनचा धोका नुसत्या टॅमसुलोसिनपेक्षा सुमारे ६६ टक्के कमी होता. किंमत म्हणजे कामेच्छा घटू शकते. शिवाय सहा महिन्यांत पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय तपासायच्या रक्तचाचणीतला आकडा) जवळपास निम्मा होतो. रिपोर्टमध्ये २ आला तर तो ४ समजून वाचायचा. खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला तर डॉक्टरांना दाखवायचाच. गळकी कॅप्सूल घरातल्या गरोदर बाईच्या हाती देऊ नये.

रात्रीचं उठणं कमी झालं नाही म्हणून गोळीला दोष देण्याआधी तीन दिवस मापाच्या मगात लघवी मोजा आणि वेळेसह वहीत लिहा. झोपल्यापासूनची, सकाळच्या पहिल्या लघवीसकट, चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली, तर लघवी रात्रीच जास्त तयार होते आहे. तिथे प्रोस्टेटच्या गोळीने फार फरक पडत नाही. पायांची सूज, साखर, झोपेतलं घोरणं, संध्याकाळनंतरचा चहा हे बघावं लागतं.

नागपूरच्या उन्हाळ्याने, त्यातही नवतपाने (मे अखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस), खरी परीक्षा घेतली. पारा ४५ वर गेला की घामाने अंगातलं पाणी जातं, रक्तदाब आधीच उतरलेला असतो आणि त्यावर टॅमसुलोसिन. रात्री अडीचला कुलरसमोरच्या पलंगावरून थेट उठून मोरीकडे जाणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभे राहा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांशी बोलून घ्या. लघवीच्या भीतीने पाणी तोडू नका, घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी डिवचते. दिवसा भरपूर प्या, रात्री आठनंतर हात आखडा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेतलं होतं, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. बाहुली ऐनवेळी लहान होते. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी टाडालाफिलच्या (प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं आणखी एक औषध) वाटेला जाऊ नये.

आणि सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. स्यूडोएफेड्रिन, फेनिलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन यांनी लघवी पूर्ण तुंबू शकते. ओटीपोट टणक झालं आणि थेंबही येईना, तर सकाळची वाट न पाहता कॅथेटरसाठी (लघवी काढायची नळी) रुग्णालय गाठा.