थ्री नॉट थ्री, ह्यूस्टनबाहेरची रेंज आणि खडकीच्या पाच गोळ्या

मागच्या शनिवारी आम्ही पाच जण ह्यूस्टनपासून तासाभरावरच्या एका ओपन शूटिंग रेंजवर जुन्या रायफली चालवून आलो. नाव देत नाही कारण काउंटरवरच्या माणसाबद्दल थोडं वाकडं लिहायचंय. मी कॉलेजात एनसीसीत होते, पॉइंट टू टू ही छोटी रायफल मारलेली, पालथं पडून पाच गोळ्या आणि मग समोसा, एवढाच काय तो अनुभव. थ्री नॉट थ्री, म्हणजे इंग्रजांच्या काळातली ली-एनफिल्ड रायफल, हातात घ्यायची राहून गेली होती.

आधी पैशाचं. रेंजचे माणशी 20 डॉलर, रायफलचं भाडं वेगळं आणि भाड्याच्या रायफलला गोळ्या त्यांच्याचकडून घ्यायच्या, खरी चाट तिथे बसते. एक गोळी जवळजवळ 2 डॉलर. म्हणजे गॅरंड या जुन्या अमेरिकन रायफलची 8 गोळ्यांची एक क्लिप (गोळ्या एकत्र धरणारी पत्र्याची पकड) उडाली की एक बिर्याणी उडाली असं समजा, आणि ती उडायला दहा सेकंदही लागत नाहीत.

काउंटरवाल्याने टॅब्लेटवर सह्या घेतल्या आणि वर न बघता चाळीस मिनिटं बसवून ठेवलं, का ते सांगितलं नाही. कानावरचे मफ दिले त्यांचा फोम पार गेलेला. आपले इअरप्लग घेऊन जा, आत प्लग वरून मफ, नाहीतर मोसिन ही जुनी रशियन रायफल मारणारा शेजारी आला तर संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी. अजून एक, व्हिसावर असाल तर जायच्या आधी नीट चौकशी करा, एच वन बी, एफ वन वगैरेंना फेडरल कायद्याने बंदूक हातात घ्यायचीच बंदी आहे, शिकारीचं लायसन असेल तर सूट मिळते. आम्ही सगळे ग्रीन कार्डवाले म्हणून सुटलो, पण तिथे कोणी आपणहून विचारत नाही.

रेंज ऑफिसर मात्र साठीच्या एक बाई होत्या, त्यांच्यासाठी पाचपैकी पाच. नळी कायम समोर, बोट घोड्याच्या बाहेर, आणि "सीज फायर" म्हटलं की बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा लोखंडी दांडा) उघडा टाकून सगळे पिवळ्या रेषेच्या मागे, मग कोणी रायफलला हात लावलेला चालणार नाही, चष्मा तिथे राहिला असेल तरी नाही. घोडा ओढला आणि नुसतं टक् झालं तर हलायचं नाही, नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं, जुनी गोळी कधीकधी उशिराने उडते. आमच्या एका मित्राला गॅरंडची क्लिप भरताना त्यांनी मनगट धरून शिकवलं, कारण क्लिप दाबली की बोल्ट स्वतःहून पुढे येतो आणि अंगठा काढायला उशीर झाला तर नख गेलं. आठवी गोळी सुटली की क्लिप टिंग् करून बाहेर उडते, त्या आवाजासाठी लोक पैसे देतात. मला विचाराल तर छान आहे पण एकदा ऐकला की झालं.

मोसिन नवऱ्याने हट्टाने घेतली. 1891 चं रशियन डिझाइन, दस्त्याला लोखंडी पत्रा, बोल्ट इतका जाम की तळहाताने ठोकावा लागतो. पंधरा गोळ्या मारल्या आणि रविवारी खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग घेऊन फिरत होता, जाम खुश.

आता थ्री नॉट थ्री. बोथट तोंडाची, चार किलोच्या आसपास, आणि बोल्ट म्हणजे लोणी. माउझर या जर्मन रायफलला बोल्ट वर उचलतानाच स्प्रिंग ताणावी लागते, हिच्यात ती पुढे ढकलताना ताणली जाते, त्यामुळे खांद्यावरून न काढता पटापट मारता येतं, वर दहा गोळ्यांचं मॅगझिन. नेम धरायला नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बसवली, श्वास सोडला, शंभर यार्डांवर दहातल्या सात कागदात. सव्वीस अकराच्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात याच जातीची रायफल होती, समोर एके 47, ते तेव्हा डोक्यात आलं आणि थोडा वेळ नुसतीच बसले.

रायफल फिरवून बघताना दस्त्याच्या वरच्या लोखंडावर दिसलं, ईशापूर, 1942. बंगालची! मी मोठ्याने वाचलं बहुतेक, कारण शेजारच्या बेंचवरचे आजोबा म्हणाले भारतातली का, थांब, आणि त्यांच्या डब्यातून पाच गोळ्या काढून दिल्या, म्हणे माझ्या रायफलमधून मार. गोळीच्या बुडावर बघते तर के आणि एफ. किर्की फॅक्टरी! म्हणजे आपली खडकी, जिथे आमच्या मामांनी आख्खी नोकरी काढली. आजोबांनी सांगितलं की यात बारुदाची भुकटी नसते, कॉर्डाइट नावाच्या बारुदाच्या काड्या असतात, अगदी शेवयांसारख्या. पाचही मारल्या. नंतर त्यांनी थर्मासमधलं उकळतं पाणी फनेलने नळीत ओतलं, जुन्या गोळ्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते तिच्यातले क्षार नळी गंजवतात म्हणून, हे मला फार आवडलं, चहाच्या थर्मासने बंदूक धुणारा माणूस.

उडालेल्या गोळीची एक पुंगळी मागून घेतली. भारतात नेणार नाही, रिकामी पुंगळी बॅगेत सापडली तरी एअरपोर्टवर फुकटची भानगड.

परत जाईन, पण वीकडेला, आणि काउंटरवर तो नसेल तेव्हा. आजोबा दर महिन्याला येतात म्हणे.

रात्री मामांना व्हिडिओ कॉल करून पुंगळी दाखवली. त्यांनी चष्मा लावून, फोन जवळ घे, अजून जवळ, करत बघितली. म्हणाले, "ही मी नोकरीला लागायच्या आधीची." मग म्हणाले, "सगळ्या उडाल्या ना?"

"पाचच्या पाच, मामा."

"मग!"