पीजीबॅकरेस्ट: काही महिने वापरल्यावर, मुख्यतः त्या 'पॉज'बद्दल

पीजीबॅकरेस्ट म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसचे बॅकअप घेणारं आणि ते परत उतरवणारं (रिस्टोअर करणारं) साधन. लिहायला निमित्त झालं डेटा बदलणाऱ्या एका फसलेल्या अपडेट कमांडचं. सहकाऱ्याकडून व्हेअरची, म्हणजे नेमक्या कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणारी, ओळ राहून गेली आणि टेबलातल्या सगळ्या वस्तूंना एकच किंमत लागली. रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाबेसची चालू नक्कल) होती, पण मूळ सर्व्हरवर जे होईल ते लगेच उतरवून घेणं हेच तिचं काम, त्यामुळे तिथेही तीच किंमत. वर हे नेमकं कधी घडलं ते कोणाला सांगता येईना. "दुपारी कधीतरी" एवढंच कळलं.

फुल, डिफरेन्शियल, इन्क्रिमेंटल हे बॅकअपचे प्रकार तुम्हाला माहीत असतीलच, ते सोडून देतो. मला बोलायचंय ते पॉजबद्दल, म्हणजे रिस्टोअर करताना ठरवलेल्या क्षणाला थांबण्याबद्दल.

बाजूच्या सर्व्हरवर वेळ देऊन रिस्टोअर लावला आणि वेळ मुद्दाम बरीच आधीची दिली. पोस्टग्रेस त्या क्षणापर्यंत वॉल फाइली (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) लावत आलं आणि थांबलं. थांबलं तरी डेटाबेस वाचण्यापुरता उघडा असतो. क्वेरी मारून किमती पाहिल्या, शाबूत होत्या. सर्व्हर बंद केला, वेळ थोडी पुढे सरकवली, पुन्हा चालू केला, पुन्हा पाहिलं. असं करत चुकीच्या अगदी तोंडाशी पोचलो आणि तिथून पीजीडंपने (डेटा फाइलीत काढून देणारं पोस्टग्रेसचंच साधन) तेवढं एकच टेबल उचलून आणलं. बाकी दिवसभराचं काम जागच्या जागी राहिलं! पॉज मुळात पोस्टग्रेसचा आहे हे मान्य, पण त्या वेळेच्या आधीचा योग्य बॅकअप शोधणं आणि रिकव्हरीच्या सेटिंग लिहून देणं हे पीजीबॅकरेस्ट करतो, आणि गडबडीच्या वेळी त्याचंच मोल वाटतं.

मागे मात्र येता येत नाही. चूक ओलांडली की बॅकअप पुन्हा उतरवावा लागतो. तिथे डेल्टा पर्याय वापरा. चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळणाऱ्या फाइलींना तो हात लावत नाही, बदललेल्या तेवढ्याच आणतो. आणि वेळेसोबत टाइमझोनचा फरक लिहाच, नाहीतर भलत्याच तासाला जाऊन थांबाल.

आधी आम्ही वर्गणीची एक सेवा वापरत होतो, नाव घेत नाही. बॅकअप ठेवणं स्वस्त, पण बाहेर काढताना दर जीबीमागे पैसे. सरावासाठी रिस्टोअर केला तर सवलत द्याल का, असं सपोर्टला विचारलं, तर महागडा प्लॅन घ्यायला सांगितलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. पैसे पडतात म्हणून सराव टळतो, आणि न उतरवलेल्या बॅकअपची खात्री कोण देणार? जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की पीजीडंपची आवृत्ती सर्व्हरशी जुळत नसल्याने रोजचे डंप होतच नव्हते आणि ते सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) हाताशी होता म्हणून निभावलं. आता आमचा रिस्टोअर दर आठवड्याला आपोआप चालतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

एका बाबतीत माझं मत पूर्ण बदललं. आर्काइव्हच्या, म्हणजे बॅकअपच्या स्टोरेजकडे जायला थांबलेल्या वॉल फाइलींच्या, रांगेला कमाल मर्यादा घालायची सेटिंग मला सुरुवातीला फार आवडली होती. स्टोरेज पोचेनासं झालं की वॉल फाइली साचून डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो, ते या मर्यादेने टळतं. पण मर्यादा ओलांडली की साचलेल्या वॉल फाइली आर्काइव्ह न करताच सोडून दिल्या जातात, पोस्टग्रेसला मात्र सांगितलं जातं की झाल्या. लॉगमध्ये एक इशारा येतो, बस. तिथून पुढचा नवा बॅकअप होईपर्यंत हव्या त्या क्षणावर जाता येत नाही. मी ती सेटिंग काढून टाकली आणि डिस्क भरत आली की फोन वाजेल अशी सोय केली. ज्यांना सेवा बंद पडणं अजिबात परवडत नाही त्यांनी ठेवावी, पण तो इशारा कोणीतरी वाचत असेल तरच.

एन्क्रिप्शनचा पासफ्रेज (बॅकअप उघडायला लागणारा गुप्त शब्द) आमच्या मांडणीत सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये असतो. सर्व्हर जळाला तर दुसऱ्या ठिकाणचे बॅकअप शाबूत असूनही उघडणार नाहीत. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, तेव्हा हा विचार कल्पनेतला राहिला नाही. पासफ्रेज कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

तक्रार एकच. थेट एखादं टेबल काढता येत नाही, त्यासाठी सगळं उतरवायला जागा असलेला बाजूचा सर्व्हर लागतो, आणि तो खर्च मला दर महिन्याला टोचतो. तुमचा डेटाबेस दहा-वीस जीबीचा असेल आणि एका दिवसाचं काम पुन्हा करणं चालणार असेल, तर हा खटाटोप करू नका. रात्रीचा पीजीडंप पुरे. त्यात युझर आणि रोल येत नाहीत, ते पीजीडंपऑलने वेगळे घ्या.