चाळीस मीटरच्या छोट्या रेडिओसाठी कपॅसिटर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर घरीच बनवायला घेतलेला ४० मीटर बँडचा सीडब्ल्यू (मोर्स कोडचा) ट्रान्सीव्हर आता जुलैच्या पावसातही रोज चालतोय. पॉवर जेमतेम चार वॉट. या आठ महिन्यांत ट्रान्झिस्टर दोनच बदलले, पण कपॅसिटर साठ-सत्तर तरी काढले-घातले असतील. कोल्हापुरात बसून हे काम करताना कुठला कपॅसिटर कुठून घ्यायचा आणि कुठल्या जागी अजिबात लावायचा नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर हिवाळ्यातले दोन महिने वाचले असते. म्हणून सविस्तर लिहितोय. हौशी रेडिओचं (हॅम) लायसन्स हातात असल्याशिवाय ट्रान्समीटर हवेत सोडायचा नाही, हे इथल्या वाचकांना माहीत असेलच.

पहिली खरेदी शाहूपुरीतल्या एका जुन्या दुकानातून. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं सामान, लाकडी खण, खणांवर पेनानं लिहिलेली नावं. एका खणावर ‘१०४ पीएफ’. आता १०४ हा कोड आहे. पहिले दोन अंक तसेच, तिसरा अंक म्हणजे पुढची शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये. म्हणजे १०४ म्हणजे एक लाख पिकोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड. खणावर मात्र कोडलाच पीएफ जोडलेलं, आणि बोलण्यातही तसंच. मी रिसीव्हरच्या इनपुटच्या फिल्टरसाठी शंभर पीएफ मागितले. दुकानातल्या काकांनी ज्यावर १०० छापलंय असे दहा डिस्क (चपटे गोल सिरॅमिक कपॅसिटर) पुडीत बांधून दिले. तेव्हा माझ्याकडे मीटर नव्हता. दोन संध्याकाळी रिसीव्हर ठार बहिरा. कॉईल तीनदा सोडून गुंडाळली. शेवटी मित्राकडच्या एलसी मीटरवर (कॉईल आणि कपॅसिटर मोजणाऱ्या मीटरवर) तेच डिस्क लावले तर प्रत्येक दहा पीएफच्या आसपास. दहापुढं शून्य शून्यं, म्हणजे दहा. शंभर पीएफ हवा असेल तर १०१ मागायचा. काही डिस्कवर कोड नसतो, सरळ किंमत छापलेली असते, त्यामुळं अंक वाचून भागत नाही. मोजायलाच लागतं.

त्याच आठवड्यात मी स्वतःचा एलसी मीटर घेतला. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू कुठली म्हणाल तर हीच. बाजारात मिळणारे स्वस्त ट्रान्झिस्टर टेस्टरही कपॅसिटर मोजतात, पण साधारण २५ पीएफच्या खाली त्यांचा भरवसा नाही. आपल्या कामात दहा, बावीस, सत्तेचाळीस असेच पीएफ जास्त लागतात.

आता मुख्य दुखणं. माझा व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर, सरळ सात मेगाहर्ट्झवर चालतो, कॉईल-कपॅसिटरच्या एलसी पद्धतीचा, फ्रिक्वेन्सी तयार करणारी एसआय५३५१ चिप न वापरता. चिप वापरणाऱ्यांचा फ्रिक्वेन्सी सरकण्याचा त्रास बराचसा मिटतो, पण मला गँग (फिरता व्हेरिएबल कपॅसिटर) फिरवून स्टेशन शोधायचं होतं. पहिल्या रात्री व्हीएफओच्या टँकमध्ये (कॉईल-कपॅसिटरच्या जोडीत) त्याच दुकानातला ४७१ चा, म्हणजे ४७० पीएफचा साधा तपकिरी डिस्क लावला. चालू केल्यावर अर्ध्या तासात फ्रिक्वेन्सी अकरा किलोहर्ट्झ सरकली. आपल्याकडं ४० मीटरचा अख्खा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, आणि त्यात सीडब्ल्यू खालच्या टोकाला. अकरा किलोहर्ट्झ म्हणजे बोलता बोलता समोरचं स्टेशन केव्हाच मागं पडलेलं. बोट त्या डिस्कजवळ नेलं तरी सूर बदलायचा. पेन्सिलीच्या टोकानं हलकेच ठोकलं की हेडफोनमध्ये ‘टुंग’ असा आवाज यायचा.

मी दिवसभर उद्यमनगरात लेथवर असतो. गरम जॉब मशीनवरून उतरवून लगेच मायक्रोमीटर लावला तर माप खोटं येतं, हे कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात शिकवतात. कपॅसिटरचंही अगदी तसंच. त्या रविवारी मी एकेक कपॅसिटर एलसी मीटरला लावून बसलो आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न न टेकवता अर्ध्या सेंटिमीटरवर धरलं. तपकिरी डिस्क सुरुवातीला ४६२ दाखवत होता. दहा सेकंदांत ४३०, मग ३९०, मग ३४० च्या खाली. आयर्न बाजूला घेतलं की सावकाश परत वर. मग एका जुन्या बोर्डावरून काढलेला, डोक्यावर काळा ठिपका असलेला डिस्क लावला. ४६९. आयर्न तेवढंच जवळ, तेवढाच वेळ. ४६९. मधूनच ४७०. परत ४६९. ते पाहताना जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. घरच्यांना बोलावून दाखवला.

तो काळा ठिपका म्हणजे एनपीओ, ज्याला हल्ली सी०जी म्हणतात. तापमान एक अंशानं बदललं तर त्याची किंमत दहा लाखांत जास्तीत जास्त तीस भागांनी हलते. सात मेगाहर्ट्झवर याचा अर्थ काय, ते बघा. कपॅसिटन्स दहा लाखांत शंभर भाग बदलला तर फ्रिक्वेन्सी त्याच्या निम्म्यानं, म्हणजे पन्नास भागांनी हलते, आणि ७.१ मेगाहर्ट्झवर ते ३५५ हर्ट्झ होतात. एका अंशाला. एक्स७आर जातीच्या कपॅसिटरला उणे ५५ ते १२५ अंशांत पंधरा टक्के वरखाली व्हायची मुभा आहे. वाय५व्ही तर ८५ अंशांपर्यंत जाताना ८२ टक्क्यांनी घसरला तरी स्पेसिफिकेशनमध्येच बसतो. ठोकल्यावर आवाज येतो तोही याच जातींमुळं. त्यांच्यातलं सिरॅमिक पिझो गुणाचं असतं, एनपीओचं नसतं. म्हणजे दुकानदारानं मला खराब माल दिला नव्हता. तो डिस्क त्याच्या जागी उत्तमच आहे. व्हीएफओ ही त्याची जागा नव्हे, एवढंच.

त्यामुळं स्थानिक दुकानाबद्दल माझं मत चांगलं आहे. बायपाससाठी, ऑडिओच्या कपलिंगसाठी, सप्लाय लाईनवर, एकशे चार आणि एकशे तीन मी आजही तिथूनच घेतो. रुपया-दोन रुपयाला एक. आठ महिन्यांत यातला एकही गेला नाही. पाय मात्र आखूड ठेवा. दर मिलिमीटर तारेमागं साधारण एक नॅनोहेन्री धरली, तर दोन्ही पाय पाच-पाच मिलिमीटर ठेवलेल्या १०४ चा रेझोनन्स पाच मेगाहर्ट्झलाच येतो. सात मेगाहर्ट्झवर तेवढं चालून जातं, पण पाय दोन-दोन सेंटिमीटरचे ठेवून उभा केलेला कपॅसिटर नावालाच बायपास असतो.

इलेक्ट्रोलिटिकच्या बाबतीत मात्र जपून. एका दुकानातून (वरचं नव्हे) घेतलेल्या १००० मायक्रोफॅरडच्या चारपैकी दोन मोजल्यावर पाचशेच्याही खाली भरले. वर्षानुवर्षं खणात पडून सुकलेला माल असणार. परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. तेव्हापासून १०५ अंश छापलेलेच घेतो आणि मोजल्याशिवाय लावत नाही.

एनपीओ शोधताना मी आधी ऑनलाईन मिळणारा तीसेक किमतींचा डबा मागवला. वर्णनात सगळे एनपीओ लिहिलेले. आयर्नच्या परीक्षेत ८२ पीएफपर्यंतचे बहुतेक पास झाले, १५० च्या पुढचे बहुतेक नापास. डबा फुकट गेला असं नाही, छोट्या किमती रोज लागतात. पण वर्णनावर विसंबून त्यातला ४७१ व्हीएफओत लावला असता तर मी परत त्याच जागी येऊन बसलो असतो.

खात्रीचा माल मिळाला तो मोठ्या अधिकृत वितरकाकडून, कंपनीचं नाव आणि पूर्ण पार्ट नंबर असलेला. किंमत एका नगाला सहा-आठ रुपये, पण लहान ऑर्डरवर पाठवणावळ मालापेक्षा जास्त. मुंबईला कामानिमित्त जाणं झालं तेव्हा लॅमिंग्टन रोडवरही फिरलो. तिथं सिल्व्हर मायका मिळाले, एकेक चाळीसच्या वर. घेतले चारच. दिसायला आणि वागायला दोन्हीकडून सुंदर वस्तू, पण एनपीओ मिळत असताना चार वॉटच्या रेडिओला त्यांची गरज आहे असं मला वाटत नाही.

सगळ्यात आवडता स्रोत मात्र भंगार. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या राजारामपुरीतल्या एका काकांकडं जुन्या ट्रान्झिस्टर सेटची पोती आहेत. “ह्यातलं काय पायजे ते काढून घे, पर बोर्ड फोडू नकोस,” एवढीच अट. तिथं मला पॉलिस्टायरीनचे कपॅसिटर सापडले. काचेसारखी पारदर्शक नळी, आत चांदीसारखी गुंडाळी. हे नवे मिळणं आता अवघड झालंय. उष्णता वाढली की यांची किंमत कमी होते, अंशाला दहा लाखांत साधारण दीडशे भाग, आणि तेही शिस्तीत. माझी कॉईल टी५०-६ या पिवळ्या टोरॉईडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर) गुंडाळलेली, तिचा इंडक्टन्स अंशाला पस्तीस भागांनी वाढतो. दोघं विरुद्ध दिशेला जातात. म्हणून टँकच्या एकूण कपॅसिटन्सचा चौथा हिस्सा पॉलिस्टायरीन आणि उरलेला एनपीओ ठेवला की हिशेब जवळपास शून्यावर येतो. गणितात आला. प्रत्यक्षात शंभरचा पॉलिस्टायरीन काढून ८२ चा घातल्यावर आला, कारण गँग, तारा, बोर्ड सगळेच थोडंथोडं हलतात. आता वीस मिनिटं तापू दिल्यावर पुढच्या अर्ध्या तासात साठ हर्ट्झच्या आत राहतो. पॉलिस्टायरीन ८५ अंशांच्या पुढं टिकत नाही. सोल्डर करताना पायाला क्रोकोडाईल क्लिप लावा आणि झटपट उरका. माझे दोन वितळले. पोत्यात आणखी किती असतील काय माहीत, त्यामुळं ते दोन गेल्याची हळहळ अजून आहे.

गँगही काकांकडचीच, एका व्हॉल्व्ह सेटमधली, हवेच्या पात्यांची. बेअरिंग साफ करून थेंबभर तेल दिलं. सिरीजमध्ये छोटा एनपीओ टाकून तिचा पल्ला बँडपुरता आवळला.

आउटपुटच्या लो-पास फिल्टरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं चूक लगेच दिसत नाही. माझा फिल्टर नेहमीचाच, २७०, ६८०, ६८०, २७० पीएफ आणि मध्ये तीन टोरॉईड. चार वॉटला पन्नास ओहमवर व्होल्टेज १४ च्या आसपास, शिखराला वीस. म्हणून सुरुवातीला वाटलं, पन्नास व्होल्टचा कुठलाही चालेल. पण ६८० पीएफची रिॲक्टन्स (एसी करंटला होणारा विरोध) सात मेगाहर्ट्झवर फक्त ३३ ओहम, म्हणजे त्यातून ०.४३ अँपिअर करंट वाहतो. कपॅसिटर अडीच टक्के लॉसचा असला तर ०.८ ओहमचा रेझिस्टर बसवल्यासारखं होतं, आणि एकेकट्यात दीडेक दशांश वॉट उष्णता. चार वॉटच्या रेडिओत हे फार झालं. मिनिटभर मोर्सची की दाबून धरली की माझे ६८१ चे डिस्क बोटाला चक्क गरम लागायचे. चारही जागी शंभर व्होल्टचे एनपीओ लावल्यावर डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) ३.४ वॉटचे ३.८ झाले. ट्रान्झिस्टर तेच, सप्लाय तोच. अँटेना जुळलेली नसेल तर व्होल्टेज दुप्पट होऊ शकतं, म्हणून पन्नासऐवजी शंभर व्होल्ट.

जानेवारीत सेट पन्हाळ्यावर नेला. सात एएचची बॅटरी, झाडाला वीस मीटरचा वायर डायपोल. सकाळी वारा बोचरा, अकरानंतर ऊन थेट डब्यावर. घरात सरळ चाललेला व्हीएफओ तिथं टिकतो का, तेच बघायचं होतं. बेंगळुरूच्या एका स्टेशनबरोबर बारा मिनिटं बोललो, माझ्या सिग्नलला ५५९ चा रिपोर्ट आला, आणि शेवटपर्यंत त्यांनी मला शोधायला नॉब हलवला नाही. विचारून खात्री करून घेतली.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर मात्र फ्रिक्वेन्सी परत भरकटली, दिवसागणिक वेगळी. आधी कपॅसिटरवर संशय घेतला, सगळे परत मोजले, सगळे जागेवर. कारण निघालं बोर्डावर राहिलेला फ्लक्स. आपल्या पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि व्हीएफओच्या पॅडमधून गळती सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासून धुतला, ड्रायरनं वाळवला, तेव्हा थांबला. दाबाचा मायका ट्रिमर होता तोही त्याच वेळी काढून हवेचा लावला, कारण स्क्रू न फिरवताही त्याची किंमत रोज वेगळी भरत होती.

नव्यानं सुरू करणारे विचारतात, पहिल्याच रेडिओला एवढं करावं का. हैदराबादच्या अश्हर फरहान यांचा बिटएक्स हा ट्रान्सीव्हर मुद्दाम सहज मिळणाऱ्या सामानातून बनेल असा आखलेला होता. व्हीएफओची कॉईल नळाच्या नायलॉन वॉशरवर गुंडाळायची त्यांची युक्ती प्रसिद्धच आहे, आणि भारतातल्या कितीतरी जणांचा पहिला सेट तोच. म्हणून महाग सामानाशिवाय अडत नाही. व्हीएफओ, क्रिस्टल फिल्टर आणि आउटपुट फिल्टर एवढ्या तीन जागांना मिळून पंधरा-वीस एनपीओ लागतात, ते खात्रीचे घ्या. बाकी पन्नास शाहूपुरीतून आणा.

आता २० मीटरचा फिल्टर बनवायचा आहे. त्याला १८० आणि ३९० पीएफ लागतात. पाठवणावळ वाटून घ्यायची म्हणून इचलकरंजीचा एक मित्र आणि मी मिळून परवाच ऑर्डर टाकलीय, शंभर व्होल्टचे, एनपीओ, प्रत्येकी पन्नास. आले की सगळे आयर्नजवळ धरून बघणार, वितरकाचे असले तरी.