तळ्याकाठच्या हंसांसाठी बॉर्डर कॉली : पुण्यातली सेवा कशी आहे?
पाळीव हंस हिरवळीवर चढले की गवत खुडतात, पायवाटेवर ओली विष्ठा पसरते. त्यांना हटवायला या सेवेत बॉर्डर कॉली, म्हणजे कळप वळवणाऱ्या जातीची कुत्री, आणतात. ती चावत नाही. मान खाली घालून, नजर रोखून दबकत सरकते आणि कळप वळतो. ‘कम बाय’ म्हटलं की ती कळपाभोवती घड्याळाच्या दिशेने फिरते, ‘अवे’ म्हटलं की उलट. हंस पाण्यात शिरले की सगळं फसतं, म्हणून तिला तळ्याच्या बाजूनेच सोडायचं. इथला हँडलर (कुत्रीला हुकूम देणारा) हे अगदी चोख करतो.

खटकते ती रोजची ठरलेली वेळ. पक्षी ती ओळखतात, तेवढ्यापुरते हटतात. फेऱ्या वेळ बदलूनच हव्यात. मात्र एप्रिल-मेमध्ये इतक्या दाट केसांच्या कुत्रीला सकाळी ८ नंतर पळवू नका. अंड्यांवर बसलेल्या मादीजवळ तर तिला नेऊच नये.