राखीव सेवेचे पान वाचणारे केंद्र: अंबाजोगाईच्या माजी सैनिक पेन्शन मदत केंद्राचा अनुभव

माझे चुलते, ज्यांना घरात आणि गावात सारेच आप्पा म्हणतात, आज 81 वर्षांचे आहेत. चीनच्या लढाईनंतर जी मोठी भरती झाली, तीत ते नोव्हेंबर 1963 मध्ये तोफखान्यात दाखल झाले, 1965 साली 25 पाउंडर तोफेवर होते, आणि नोव्हेंबर 1978 मध्ये त्यांचे नाव लष्कराच्या पटावरून कायमचे उतरले. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांना पेन्शनचा एक रुपयाही मिळाला नाही. ती मिळू शकते, असे त्यांना पहिल्यांदा कोणी सांगितले असेल, तर ते अंबाजोगाईला एका निवृत्त सुभेदारांनी दोन खोल्यांत चालवलेल्या मदत केंद्राने. जून 2024 पासून आम्ही तेथे जात आहोत. आमच्या केज तालुक्यात आणि आसपास अशा स्थितीतले म्हातारे सैनिक आणखीही असतील, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

केंद्राविषयी सांगण्यापूर्वी आप्पांचे अडले कुठे होते, हे सांगणे भाग आहे, कारण केंद्राची खरी किंमत त्यातूनच कळते. लष्करात जवानाला सेवा निवृत्तिवेतनासाठी किमान 15 वर्षांची सेवा लागते, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक आहे. आप्पा गणवेशात सात वर्षे होते. ते ज्या ज्या टेबलापुढे उभे राहिले, तेथे प्रत्येकाने सात आणि पंधरा हे दोन आकडे ऐकले आणि त्यांना परत पाठवले. एका कार्यालयात तर कागद हातात न घेताच ‘बाबा, तुमचं बसत नाही’ असे सांगितले गेले, आणि तेव्हापासून आप्पांनी विषय सोडून दिला होता. पुढे एका मध्यस्थाने सगळी थकबाकी काढून देतो म्हणून आमच्याकडून 15,000 रुपये घेतले आणि फोन उचलणे बंद केले. त्यामुळे केंद्राचा पत्ता कोणी सांगितला, तेव्हा आप्पांना तयार करायला मला दोन महिने लागले. ‘आता कशाला, म्या तर विसरून गेलो व्हतो,’ एवढेच ते म्हणत. काकूंनी आग्रह धरला नसता, तर आम्ही गेलोच नसतो.

सुभेदारसाहेबांची पूर्ण नोकरी लष्करात कारकुनीत गेलेली आहे आणि त्यांतली काही वर्षे सैनिकांच्या नोंदी जपणाऱ्या अभिलेख कार्यालयात. तो अनुभव पहिल्याच भेटीत दिसला. त्यांनी आप्पांना किती वर्षे नोकरी झाली, हे विचारलेच नाही. ‘डिस्चार्ज बुक आहे का?’ एवढे एकच विचारले. लष्करातून सुटताना मिळालेले ते सेवेच्या नोंदींचे पुस्तक आप्पांनी खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कडुनिंबाच्या पाल्यात, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलेले होते. दोन पाने दमटपणाने एकमेकांना चिकटली होती. सुभेदारसाहेबांनी ती ओढली नाहीत. टेबलावरचे एक पोस्टकार्ड घेऊन त्याची कड त्यांनी हळूहळू मधून फिरवली, पान सुटले, आणि त्यावरच्या फिकट जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवून त्यांनी मला वाचायला लावले. त्यावर इंग्रजीत ‘ट्रान्सफर्ड टू रिझर्व्ह’ असे लिहिले होते आणि खाली नोव्हेंबर 1970 ची तारीख होती. मी मास्तर माणूस, हे पुस्तक मी दहा वेळा तरी चाळले असेल. ते पान मी कधी उघडलेच नव्हते, याची खंत मला आजही वाटते.

मुद्दा असा आहे. त्या काळी अनेक जवानांची भरती दोन हिश्शांच्या करारावर होत असे: काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत, ज्याला लष्करी भाषेत कलर सर्व्हिस म्हणतात, आणि उरलेली वर्षे राखीव सेवेत, म्हणजे माणूस घरी राहणार, शेती करणार, पण सरकारने बोलावले की हजर होणार. आप्पांचा करार सात अधिक आठ असा होता. डिसेंबर 1971 च्या युद्धासाठी त्यांना असेच शेतातून बोलावून घेतले होते. ते परत आले आणि 72 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेले. खडी फोडतानाही ते राखीव सैनिकच होते. लष्कराच्या 1961 च्या पेन्शन नियमावलीतला 155 वा नियम सांगतो की, सेवा निवृत्तिवेतन मिळत नसलेल्या राखीव सैनिकाची कलर आणि राखीव मिळून ठरलेली, किमान 15 वर्षांची, पात्र सेवा झाली असेल, तर त्याला राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन देता येते. सात आणि आठ पंधरा. ही बेरीज इतक्या वर्षांत कोणीही केली नव्हती.

येथेच मला या केंद्राचा सर्वांत मोठा गुण दिसला, आणि तो म्हणजे त्यांनी आशा मोजून दिली. सुभेदारसाहेबांचा दुसरा प्रश्न होता, ‘सुटताना पेन्शनच्या बदल्यात ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम घेतली होती का? घेतली असेल, तर वाट अवघड आहे.’ आप्पांना तोफेच्या आवाजाने उजव्या कानाने ऐकू येत नाही. हे लक्षात येताच साहेब खुर्ची उचलून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि प्रश्न पुन्हा, सावकाश, मराठीत विचारला. रक्कम घेतली नव्हती. मग त्यांनी आधीच सांगून टाकले की, मंजुरी मिळाली तरी 1978 पासूनची थकबाकी मिळेल अशी कल्पना करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेमसिंग प्रकरणातील निकालानंतर इतक्या उशिराच्या दाव्यांत थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच धरली जाते. अभिलेख कार्यालयाने नाकारले, तर मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे, तेथे वकील लागेल आणि ते काम केंद्र करत नाही, हेही स्पष्ट केले. आमचे 15,000 रुपये घेणाऱ्या माणसाने आम्हाला लाखांचे आकडे सांगितले होते. या माणसाने आम्हाला कमीत कमी किती मिळेल ते सांगितले: 1 जानेवारी 2016 पासून किमान निवृत्तिवेतन दरमहा 9,000 रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता.

कामाची पद्धत नेमकी आहे. प्रथम माहितीच्या अधिकारात, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून, नाशिक रोड येथील तोफखाना अभिलेख कार्यालयाकडे सेवेचा तपशील मागवला. पेन्शन नसलेल्या सैनिकाचे शीट रोल, म्हणजे त्याच्या सेवेच्या सविस्तर नोंदींचे कागद, 25 वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे, त्यामुळे ते मिळणार नाही, पण लाँग रोल नावाची नोंदवही कायम जपली जाते, तिचा उतारा मागा, हे त्यांनी अर्जातच लिहिले. उत्तर तंतोतंत तसेच आले. शीट रोल नष्ट झाले होते. लाँग रोलमध्ये भरती, राखीव सेवेत बदली आणि अंतिम सुटका या तिन्ही तारखा होत्या. हा उतारा हाती आल्यावर मगच मुख्य दावा पाठवला. मूळ कागद त्यांनी एकदाही ठेवून घेतले नाहीत, समोर झेरॉक्स काढून लगेच परत दिले, आणि पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत व स्पीड पोस्टची पावती आमच्या फायलीला लावली. सोळा महिन्यांत टपाल, टंकलेखन आणि झेरॉक्स मिळून आमचे 900 रुपयांच्या आसपास खर्च झाले. मंजुरीवर टक्केवारी हा प्रकार तेथे नाही.

नावांचा घोळ हा आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक जुन्या सैनिकाचा घोळ असावा. पुस्तकात आप्पांचे नाव आणि वडिलांचे नाव एवढेच आहे, आडनाव नाही; आधार कार्डावर आडनाव आहे आणि जन्मतारीख, शेकडो म्हाताऱ्यांची असते तशी, 1 जानेवारी आहे. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे शपथपत्र आम्ही केले. पण खरी काळजी केंद्राने घेतली ती काकूंच्या नावाची. पुस्तकात वारस म्हणून आप्पांच्या वडिलांचे नाव आहे, कारण लग्न पुढे 1966 च्या सुट्टीत झाले आणि त्याची नोंद पलटणीच्या भाग दोन आदेशात, म्हणजे जवानाच्या लग्न-मुलांसारख्या घरच्या नोंदी ज्यात होतात त्या आदेशात, कोणी करवून घेतली नाही. शिवाय आपल्याकडे लग्नानंतर पहिले नावही बदलायची रीत होती, त्यामुळे काकूंचे माहेरचे एक नाव, सासरचे दुसरे आणि शिधापत्रिकेवर तिसरेच. ‘आज ही नोंद राहिली, तर आप्पांच्या पाठीमागे मावशींना कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हीच वणवण करावी लागेल,’ असे सांगून त्यांनी दोघांचा एकत्र फोटो काढायला लावला. काकू डोक्यावर पदर घेऊन आप्पांच्या शेजारी बसल्या, तेव्हा त्या मला म्हणाल्या की, आमच्या दोघांचा असा फोटो हा पहिलाच.

दावा चालू असताना हातावर हात ठेवून बसायचे नाही, म्हणून बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्वाह अनुदानासाठी अर्ज करायलाही त्यांनीच सुचवले. पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरील, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाला ते मिळू शकते. ते दरमहा 4,000 रुपये होते, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 8,000 करण्याचा निर्णय झाला. पेन्शन सुरू झाली की हे अनुदान थांबते, हेही त्यांनी अर्ज भरण्यापूर्वीच सांगून ठेवले.

उणिवाही सांगायला हव्यात. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि त्याला कठडा एकाच बाजूने आहे. 80 च्या पुढची माणसे जेथे येतात, तेथे हे योग्य नाही. मी बोललो, तेव्हा साहेब स्वतः खाली येऊन कागद पाहतील असे ठरले, आणि आता ते तसे करतात, पण वहीत नाव लिहून खाली बसायला एक बाकडे तरी हवे. दुसरे म्हणजे पहिला अर्ज इंग्रजीत टंकून आप्पांचा अंगठा घेण्यात आला, तो मराठीत वाचून दाखवला नाही. मी मागे लागल्यावर नंतरचा प्रत्येक अर्ज वाचून दाखवला गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर तेथे जाऊच नये. हयातीच्या दाखल्यांची एवढी गर्दी असते की नव्या कामाला वेळच मिळत नाही. 80 वर्षांवरील पेन्शनधारकांना हा दाखला 1 ऑक्टोबरपासून देता येतो, तरी बहुतेक जण नोव्हेंबरातच येतात. अर्थात त्याच गर्दीत मी एका वृद्ध वीरपत्नीचा दाखला होताना पाहिला. कापूस वेचून बोटांचे ठसे पार झिजले होते, यंत्र घेत नव्हते. केंद्रातल्या मुलीने त्यांना दारातल्या उजेडात उभे करून चेहऱ्यावरून दाखला काढला आणि ‘आजी, झालं बरं का, आता वर्षभर काळजी नाही,’ म्हणून हाताला धरून जिना उतरवून दिला.

आमच्या कामाची आजची स्थिती अशी: अभिलेख कार्यालयाने 15 वर्षांची एकत्रित सेवा मान्य केल्याचे पत्र दिले आहे आणि प्रकरण प्रयागराजला पेन्शन लेखा कार्यालयाकडे गेले आहे. पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, अजून हाती आलेला नाही. ते पत्र आले, त्या दिवशी आम्ही तिघे एसटीने अंबाजोगाईला गेलो. सुभेदारसाहेब खाली आले, आप्पांच्या डाव्या कानाशी बसून त्यांनी पत्र आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचले, आणि पत्नी म्हणून काकूंचे सासरचे नाव जेथे आले, तेथे थांबून ते दुसऱ्यांदा मोठ्याने वाचले. आप्पांनी पुस्तक पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. या वेळी ते पेटीत ठेवायला त्यांनी काकूंच्या हाती दिले.