चक्रासनातली मूठ

कंपनीच्या कामाला रोमला गेलो होतो. शनिवारी व्हिला जुलिया या एट्रुस्कनांच्या (रोमच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या) संग्रहालयात फिकोरोनी सिस्ता पाहिली. इ. स. पूर्व चौथ्या शतकातला ब्राँझचा उंच गोल डबा, झाकणावर मूठ म्हणून मद्याचा ग्रीक देव डायोनिसस आणि दोन्ही बाजूंना त्याचे सोबती, एकेक सॅटर. (डब्यावर लॅटिनमध्ये ‘रोममध्ये घडवला’ असं कोरलंय, तरी ठेवलाय एट्रुस्कनांच्या घरात. असो.) असल्या डब्यांवर चक्रासन घातलेल्या डोंबाऱ्याचीही मूठ असते, पोटाच्या कमानीखाली बोटं घालायची.

रविवारी जुन्या बाजारात नेमकी तीच मूठ! हिरवीगार. म्हाताऱ्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, “तुम्हाला काय वाटतं?” झालं, मी सुरू. सिस्ता, असे डबे जिथं सापडतात ते रोमजवळचं पॅलेस्ट्रिना, चौथं शतक, सगळं मीच सांगितलं. तो नुसती मान डोलवत होता. ९०० युरोंवरून ४८०वर आणलं तेव्हा स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. निघताना म्हणाला, बॅगेत कपड्यांत गुंडाळा. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. १९०९च्या कायद्यापासून इटलीत जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू सरकारची. माल अस्सल असता तर मी चोरीचा माल बॅगेत घालून आणत होतो.

पुण्यात तांबट आळीत काकांना दाखवली. त्यांनी आधी उलटी केली. वरची बाजू पाहिलीच नाही.

“भोकं बघ. ड्रिलची आहेत, काठ कोरे करकरीत. इथं रिवेट ठोकला असता तर काठ दबला नसता का? ही कधी भांड्यावर बसलीच नाही रे.”

मग काकूंच्या नेलपेंट रिमूव्हरचा कापूस फिरवला. कापूस हिरवा, खाली पिवळं. जमिनीत तांब्यावर चढलेला हिरवा थर असा पुसून निघत नाही, तो धातूचाच झालेला असतो. तपासणीत तांबं आणि भरपूर जस्त निघालं, कथील जवळजवळ नाहीच. एट्रुस्कन ओतकाम तांबं-कथिलाचं, कधी शिसंही. म्हणजे हे आपलं साधं पितळ.

कार्डवाल्यांकडे तक्रार केली. त्यांनी बिल मागितलं. इटालियनमधली ती ओळ मी तेव्हा वाचलीच नव्हती: ‘सजावटीची वस्तू, एट्रुस्कन शैली’. तक्रार तिथंच बंद झाली. म्हाताऱ्याने एकदाही ‘प्राचीन’ म्हटलं नव्हतं, तो शब्द माझाच.