रिक्वेस्ट्स लायब्ररी: यूआरएलमध्ये देवनागरी असेल तर ती डोळे झाकून वापरा, फक्त पाथ (डोमेनच्या नावानंतरचा पत्ता) बघून बनवा

पायथनमधून वेबवरचा डेटा आणायचाय आणि लिंकमध्ये देवनागरी, अरबी, जपानी असलं काही आहे, तर माझं मत सरळ आहे, रिक्वेस्ट्स वापरा. पायथनसोबत येणारं यूआरएललिब वाईट नाही, पण त्याच्या यूआरएलओपनला मराठी अक्षरं तशीच दिली की युनिकोडएन्कोडएरर येतो, आधी क्वोट (अक्षरांचं टक्क्याच्या चिन्हांत रूपांतर) तुम्हीच करून द्यायचं. कारण सर्व्हरला जाणाऱ्या रिक्वेस्टच्या पहिल्या ओळीत ॲस्कीच (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) लागतं, बाकी अक्षरांचे यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) बाइट्स काढून प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन हेक्स आकडे लिहावे लागतात. देवनागरीचा एक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह, काना-वेलांटीही वेगळी धरून) ३ बाइट्सचा, म्हणजे नुसता 'मराठी' शब्द घेतला तर ५ कोडपॉइंट, १५ बाइट्स आणि यूआरएलमध्ये तब्बल ४५ कॅरेक्टर्स! हे हाताने कोण करत बसणार.

रिक्वेस्ट्समध्ये पॅराम्सच्या (क्वेरी, म्हणजे यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हापुढच्या भागाच्या) डिक्शनरीत साधी स्ट्रिंग टाकली की झालं. डोमेनचं नावच मराठीत असेल तर तिथे हे टक्के चालत नाहीत, प्युनीकोड (डोमेनच्या नावाचं वेगळं ॲस्की रूप) लागतो, तोही ती स्वतः करते. रिडायरेक्टचं (सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो ते) काम तर मला फारच आवडलं. पायथन ३ मध्ये हेडर (सर्व्हरच्या उत्तरासोबत येणारी माहिती) लॅटिन-१ (जुनं, एका बाइटचं एन्कोडिंग) समजून वाचले जातात, पण काही सर्व्हर नवा पत्ता सांगणाऱ्या लोकेशन हेडरमध्ये सरळ कच्चे यूटीएफ-८ बाइट्स पाठवतात, मग रिक्वेस्ट्स त्या मजकुराचे परत बाइट्स करते आणि यूटीएफ-८ म्हणून वाचते, त्यामुळे पत्ता गचाळ होत नाही. ज्याने हे लिहिलंय त्याने खरोखरचे सर्व्हर बघितलेत हे कळतं.

जपायचं ते पाथमध्ये. फाइलच्या नावात हॅश असेल तर त्यापुढचं सगळं फ्रॅगमेंट धरलं जातं आणि सर्व्हरपर्यंत जातच नाही, प्रश्नचिन्ह असेल तर पुढचा भाग क्वेरी होतो, आणि यात लायब्ररीचा काही दोष नाही कारण तुमच्या मनात काय होतं ते तिला कसं कळणार? अशा वेळी तेवढ्या तुकड्याला क्वोट लावा आणि त्यातलं सेफ (न बदलायची चिन्हं) रिकामं ठेवा, नाहीतर स्लॅश तसाच राहतो. आणखी एक, पाथमध्ये आधीच एन्कोड केलेलं दिलं तर ती ते परत करत नाही, पण पॅराम्समध्ये दिलं तर टक्क्याचंही एन्कोडिंग होतं आणि सर्च रिकामा येतो. तिथे कच्चा मजकूरच द्या.

समोरचा सर्व्हर जुना असेल, यूटीएफ-८ घेत नसेल, तर पॅराम्समध्ये स्ट्रिंगऐवजी हव्या त्या एन्कोडिंगचे बाइट्स देता येतात, ही सोय फार कमी लोक वापरतात. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) मात्र रिक्वेस्ट्स करत नाही. 'ऱ' हे अक्षर एका कोडपॉइंटचंही असतं आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असंही, दिसायला सारखंच पण यूआरएल वेगळी, मग उगाच ४०४ (पान सापडलं नाही). युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी (सुट्या तुकड्यांचं जोडलेलं रूप) करून घ्या, आणि तरीही शंका वाटली तर रिस्पॉन्सचं यूआरएल प्रिंट करा, शेवटी नेमकं कुठे गेलं ते तिथे दिसतं.